चारशे ऐंशी कलमं

"ताई, हात जरा हलका ठेवा हं," नितीश मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. टेबलाभोवतीच्या तिघींनी माना खाली घातल्या.

माझ्या हातात तेव्हा कलम होतं. दोन आठवड्यांपूर्वी मोठ्या झाडावरून कापलेली बोटभर फांदी, आता तिला तळाशी पांढरी मुळं फुटलेली. ती ज्या ओलसर ठोकळ्यात रुजली त्याच्यासकट उचलायची, कुंडीत कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, केलेल्या खळग्यात ठेवायची आणि कडेनं दाबायची. मुळाला बोट लागता कामा नये. जळगावला केळीच्या टिश्यूकल्चर लॅबमध्ये मी सतरा वर्षं हेच केलं. तेव्हा हा नितीश पुण्यात अकरावीचे क्लास बुडवत असेल.

"हलकाच आहे," मी म्हणाले आणि पुढची कुंडी ओढली.

आमची कंपनी इथे परदेशात, पेनरोज नावाच्या भागात एका गोदामाच्या मागे आहे. बाहेर पाटी नाही. आत दिव्यांखाली औषधी गांजा वाढतो, रीतसर परवान्यानं, जागोजागी कॅमेरे लावून. सासूबाईंना मी 'औषधी वनस्पती' एवढंच सांगितलंय. त्या गल्लीभर सांगतात, आमची कांचन परदेशात अश्वगंधा लावते. सांगू देत.

गेल्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत पाण्याचं काम माझ्याकडे होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, थोडे क्षार असतात. ते फिल्टरमधून काढायचं, टाकीत खत मिसळायचं, मग सामू बघायचा, म्हणजे पाणी किती आंबट आहे ते. सामू चुकला की ताट वाढलेलं असूनही मुळं उपाशी मरतात. हे आमच्याकडे शेतकऱ्याचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

त्या महिन्यात मी पाणी नितीशवर सोपवून आठवडाभर रजेवर होते. फिल्टर तुंबला, आणि नितीशसाहेबांनी टाकी सरळ नळानं भरली. मी परत आले तर टाकीला ब्लीचचा वास आणि मी लावलेली तीनशे कलमं करपलेली. पण रिपोर्टमध्ये पाण्याचे आकडे झकास होते. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, लावताना मुळांना इजा, कर्मचारी कांचन. मॅनेजर क्रेगनं तो कागद माझ्यासमोर ठेवला, तेव्हा नितीश शेजारी बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. दर रविवारी आमच्या माउंट रॉस्किलच्या घरी भरीत-भाकरी हाणून जाणारा नितीश! खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस मी ऐकून होते, आता पाहिला.

मला लेखी ताकीद मिळाली. पाणी काढून घेतलं, ते नितीशकडे गेलं. मला टेबलावर बसवलं आणि नव्या मुलींना माझ्या हातांपासून सावध राहायला सांगितलं.

"सोड ना आता," घरी माझा नवरा चंद्रशेखर म्हणाला. "नोकरी तर आहे ना?"

"लेट इट गो, मम," आमची सिद्धी फोनमधून मान वर न करता म्हणाली.

काय सोडू? घर सोडलं, माणसं सोडली, आंब्याचा मोसम सोडला. माझे हात आडदांड आहेत असं एक माणूस कागदावर लिहितो, ते मी सोडणार नव्हते. मी डूख धरला होता आणि खरं सांगायचं तर तो मला गोड लागत होता.

सहा आठवड्यांपूर्वी पाण्याच्या खोलीत फडकं शोधताना मी खालचा ड्रॉवर उघडला. आत सामू मोजायची काचेची दांडी पडलेली, टोक फुटलेलं. ती दांडी एकच आहे. मी टॅबलेटवर बघितलं. रोज सकाळी आठ वाजता नितीशच्या नावानं नोंद होती. पाच पूर्णांक आठ, पाच पूर्णांक नऊ, पुन्हा आठ. पठ्ठ्या न मोजताच लिहीत होता.

मी ड्रॉवर हळूच बंद केला. लगेच बोलले असते तर त्यानं 'थँक यू ताई' म्हणून नवी दांडी मागवली असती आणि विषय संपला असता. मला सरकारी तपासणीवाले यायला हवे होते. ते वर्षातून एकदा येतात, न सांगता.

फक्त एक धोका होता. तोवर पाणी बिघडून कलमं मेली असती तर पुन्हा माझ्याच हातांचं नाव झालं असतं. म्हणून मी रोज अर्धा तास आधी यायला लागले. जळगावहून आणलेला माझा खिशातला मीटर टाकीत बुडवायचा, सामू वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी झाला असेल तर मापानं आम्ल घालायचं आणि गुपचूप टेबलावर येऊन बसायचं. टॅबलेटवर लिहायचा अधिकार मला नव्हता. मी लिहिलं नाही.

त्या खेपेची चारशे ऐंशी कलमं अशी काही उठली की क्रेग लोकांना बोलावून दाखवू लागला. "माय वॉटर इज स्पॉट ऑन," नितीश सांगायचा. चढ बाबा, मी मनात म्हणायचे, अजून वर चढ.

बुधवारी तपासणीच्या बाई आल्या. अरोहा त्यांचं नाव. "किया ओरा" असा इथला नमस्कार करत आल्या आणि डोक्याला जाळी बांधून कामालाच लागल्या. पाण्याच्या नोंदी बघून त्यांनी मान डोलावली. त्या पान उलटणार इतक्यात मी हातमोजे काढून पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "आजचं रीडिंग आमच्यासमोर घेऊन दाखवायला सांगाल का?"

नितीशच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, काय करताय?" तो मराठीत कुजबुजला.

"पाणी मोजायला सांगतेय."

"ताई, प्लीज. माझा रेसिडेन्सीचा अर्ज अडकलाय. घरी बसून बोलू ना आपण."

"माझ्या घरी बसून तू खूप बोललास. खालचा ड्रॉवर उघड."

त्यानं उघडला. फुटकी दांडी बघून अरोहाबाईंनी विचारलं, कधीपासून? बरोबर आलेल्या क्रेगचा चेहरा लालबुंद झाला. मग मी फेब्रुवारीचंही सांगितलं, आणि या वेळी नितीश ते नाकारू शकला नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, वर्षभरात असा आनंद झाला नव्हता.

"पण मग ही झाडं इतकी चांगली कशी?" अरोहाबाईंनी विचारलं.

मी खिशातला मीटर काढून त्यांच्या हातात दिला. "कारण पाणी मी सांभाळत होते. सहा आठवडे, रोज."

"कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

त्यांनी चष्मा काढला. आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. काय पाणी मिळालं याची खरी नोंद नसलेलं झाड आजारी माणसाच्या औषधात जाऊ शकत नाही. सगळी नष्ट करायची, आजच.

मी एक कुंडी उपडी करून मुळांचा गड्डा त्यांच्यासमोर धरला. "बघा तरी!"

"ब्यूटिफुल," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. निर्णय मात्र बदलला नाही.

जळगावात रोप चांगलं असलं की ते चांगलं. कागद मागून यायचा, नाही आला तरी रोप शेतात जायचं. इथे कागद नसेल तर रोपही नाही, हे मला कळायला हवं होतं. मी फक्त नितीशला जाळायला निघाले होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे लहानपणापासून ऐकत आले होते, तरी काडी लावताना आठवलं नाही.

क्रेगनं माझा हात हातात घेऊन माफी मागितली. ताकीद रद्द, सोमवारपासून पाणी माझ्याकडे. नितीश निलंबित, पण झाडं नष्ट करताना दोघांनी हजर राहून सह्या करायच्या असतात. कागदावर ज्यानं पाणी दिलं तो आणि जिनं झाडं लावली ती.

चिरायचं मशीन टेबलाशेजारी आणलं. नितीश एकेका रोपाला खोडाशी धरून उपटत होता आणि फेकत होता. मुळं तुटल्याचा बारीक आवाज येत होता. सात-आठ रोपं मी कशीबशी सोसली.

"असं नाही," मी म्हणाले.

त्यानं लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता काय फरक पडतो, ताई?"

"बाजूला हो."

मी कुंडी तिरकी केली, खाली तळहात धरला आणि रोप अलगद काढलं. सगळी मुळं शाबूत, शेंड्यांपर्यंत पांढरी. ते मशीनमध्ये ठेवलं. मग पुढची कुंडी घेतली. अशी चारशे सत्तर तरी राहिली होती. कुणी घाई केली नाही.

नितीश भिंतीला टेकून माझ्या हातांकडे बघत राहिला. मी त्याला पोटभर बघू दिलं.