स्कारव्हॉय बेटावरचा बिनचूक किऑस्क

मित्रांनो, मी एक जुना किऑस्क आहे. किऑस्क म्हणजे मधे माणूस न ठेवता औषधे देणारे कपाट. नॉर्वेतल्या स्कारव्हॉय बेटावर, किराणा दुकानाच्या पडवीत मी अकरा वर्षे उभा आहे. देशभरातल्या माझ्या भावंडांत सर्वांत गुणी मीच, असे कंपनी म्हणते. कंपनीची अक्कल किती, हे पुढे कळेलच.

माझा जन्म एका उबदार कारखान्यात झाला. तपासायला आलेल्या साहेबांची बोटे कोरडी, पायांत मऊ सपाता. त्यांनी शंभर वेळा माझा खण उघडला, शंभर वेळा बंद केला आणि एकमेकांची पाठ थोपटत केक खाल्ला. समुद्राकाठच्या हवेत मीठ असते, हे त्या विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

पहिल्याच हिवाळ्यात माझे खण अडकू लागले. नंबर दाबला की आतले कुलूप सुटायचे, पण खण जागचा हलायचा नाही. ओस्लोच्या कार्यालयातून माझ्यावर चोवीस तास नजर असते म्हणे. कसली नजर! दर पाच मिनिटांनी ते विचारतात, जिवंत आहेस का? मी कळवतो, आहे. लगेच त्यांच्या पडद्यावर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका. नाडी चालू आहे ना, बस्स. दातखीळ बसली आहे का, हे विचारायची तिथे पद्धत नाही.

बेटावरची माणसेही काही कमी नाहीत. तक्रार करायची म्हटले की यांच्या जिवावर येते. उगाच कोणाला त्रास नको, आपले आपण निस्तरावे, हा यांचा बाणा. दुकानात कंपनीचेच औषधांचे छोटे काउंटर आहे. तिथे ओडबियर्ग बसते. वय साठीचे, बोलणे फटकळ. बोटीने आलेली पाकिटे ती माझ्यात भरते, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर हे म्हाताऱ्यांना समजावते. माझा खण अडकला की चीज कापायची चपटी सुरी आणते, फटीत घालून एक हिसका देते. खण उघडतो आणि ओस्लोत नोंद होते: औषध दिले, बिघाड शून्य. अकरा वर्षांत एकाही शहाण्याने ओस्लोला फोन केला नाही.

या शरदात ओडबियर्गला कंपनीचे पत्र आले. किऑस्क इतका उत्तम चालतो की काउंटरची आता गरज नाही, महिनाअखेरीस ते बंद होईल. बाईने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. पत्र वाचून ती हसली आणि घडी घालून तिने ते सुरीखाली ठेवले. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोरलाइव्ह आला. हा म्हातारा कोळी हृदयाच्या गोळ्यांवर जगतो आणि घरातल्या गोळ्या आदल्या दिवशीच संपलेल्या. खण अर्थातच अडकला.

"काय गं, आण तुझी सुरी!"

"नाही आणणार. ते मदतीचं बटण दाब. अकरा वर्षं कोरं पडलंय बिचारं."

"कशाला उगाच लोकांना त्रास?"

"दाब म्हणते ना! पुढच्या महिन्यात मी नसणार. मग काय या कपाटाला मिठी मारून मरणार आहेस?"

त्याने बटण दाबले. ओस्लोहून यार्ले नावाच्या तरुणाचा गोड आवाज आला. "नमस्कार! इकडे तर सगळं हिरवं दिसतंय."

"इकडे सगळं घट्ट झालंय," तोरलाइव्ह म्हणाला.

"मी यंत्र बंद करून परत चालू करतो. वीस मिनिटं थांबाल का?"

म्हातारा छाती चोळत बाकावर बसला. त्याचा पांढराफटक चेहरा पाहून ओडबियर्गचा हट्ट गळून पडला. ती धावत सुरी घेऊन आली. हिसका दिला, पाकीट काढले, त्याच्या तोंडात गोळी घातली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"पाहिलंत?" यार्ले आनंदाने म्हणाला. "आपोआप सुटलं! अजून मी काही केलंही नव्हतं."

"आपोआप नाही रे शहाण्या, मी उघडलं. अकरा वर्षं मीच उघडतेय. लिहून घे."

"अं... तसं लिहायला इथे जागा नाहीये हो. औषध दिले किंवा बिघाड, एवढंच."

"मग बिघाड लिही."

"पण ठिपका हिरवा आहे ना!"

ओडबियर्गने माझे सगळे खण उचकटून पाकिटे काउंटरवर नेऊन ठेवली आणि खण परत लोटले. मग माझ्या मागे गेली आणि माझी वायर भिंतीतून उपटली.

माझ्या पोटात छोटी बॅटरी आहे. तिच्या जोरावर मी ओस्लोला एकच शब्द पाठवला: बंद. आयुष्यात पहिल्यांदा मी खरे बोललो. ठिपका लाल झाला असावा, कारण दोनच मिनिटांत काउंटरवरचा फोन वाजला. पडवीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात ओडबियर्ग म्हणाली, "हो, मेलाय तुमचा किऑस्क. अकरा वर्षांपूर्वीच. तुम्हाला आज कळलं."

दोन दिवसांनी तीन साहेब बोटीने आले. त्यांनी वायर जोडली, नंबर दाबला आणि तिघांनी मिळून अर्धा तास माझा एक खण ओढला, तो काही उघडला नाही. पत्र मागे घेतले गेले.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मला जपू नका. मी बिघडलो की खुशाल बोंब मारा. तुम्ही गुपचूप माझी पापे झाकता, मग गुणी मी ठरतो आणि घरी ओडबियर्गला पाठवतात.