अडीनडीसाठी राखून ठेवलेला दांडा

मी एक जुना दांडा आहे, मित्रांनो. झाडूचा किंवा छत्रीचा नव्हे. जीपमध्ये चालकाच्या शेजारी दोन दांडे खालून वर आलेले असतात, त्यांतला आखूड तो मी. लांब दांडा गिअरचा. त्याला सगळे ओळखतात. माझी ओळख मात्र मलाच करून द्यावी लागते, आणि ती नीट जमेल की नाही, याची मला खात्री नाही.

एरवी आमची जीप मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. पुढची दोन नुसती सोबत फिरतात. मला मागे ओढले की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो आणि चारही चाके गाडी ओढू लागतात. चिखल, वाळू किंवा निसरडा चढ असेल तिथे माझे काम. गिअरचा दांडा आणि मी, आम्ही दोघे एकाच भट्टीत तापलो, एकाच कारागिराच्या हातून सरळ झालो, दोघांच्या डोक्यांवर सारखेच काळे गोळे बसले. तो उंच निघाला, म्हणून मी त्याला थोरला म्हणतो.

आमची जीप गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आली. गाडी बाई चालवत, पण तिची काळजी घेत त्यांचे सासरे. ते हयातभर शिंपीकाम केलेले गृहस्थ. नव्या सीटांवरचे प्लास्टिक त्यांनी कितीतरी दिवस काढू दिले नव्हते. माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने जाड कापडाची टोपी शिवली आणि ती माझ्या डोक्यावर घट्ट बसवली. बाईंचा हात चुकून माझ्याकडे वळला, तर ते शेजारच्या सीटवरून लगेच म्हणत, "सूनबाई, त्याला नको. अडीनडीची वस्तू आहे, उगाच झिजेल."

पहिल्यांदा मला वाटले, केवढा हा मान! पण टोपीच्या आतून मला थोरल्याचे वैभव ऐकू येई. प्रत्येक वळणावर बाईंचा हात त्याच्या डोक्यावर. चढावर त्याच्या डोक्यावर, उतारावर त्याच्या डोक्यावर. गाडी उभी असताना त्या विचारात पडल्या की बोटांनी त्याला हलकेच थोपटत. ते थोपटणे ऐकून माझा जळफळाट होई. त्याचा गोळा हाताळून हाताळून गुळगुळीत झाला होता. मला तर काच पुसणाऱ्या काड्यांचाही हेवा वाटे, कारण पाऊस आला की त्यांना तरी कुणी हाक मारी. मनात म्हणे, थोरल्या, एकदा तरी तुझा खुळखुळा होऊ दे, म्हणजे बाईंना माझी आठवण होईल. भावाबद्दल असे वाटून घेणे बरे नव्हे, हे मला कळत होते. तरी वाटायचे.

खाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे मी हळूहळू गंजत होतो. मी सरकवतो ती दातेरी चाकेही तेलावाचून कोरडी पडली होती.

एके दिवशी सकाळी टेकडीवरच्या गोठ्यातून फोन आला. तिथे एक नवराबायको चार गाई पाळून राहत. "बाई, गाय अडलीय! वासराचे पाय तेवढे बाहेर आलेत. लवकर या." आदल्या दिवसांत भरपूर पाऊस झाला होता. चढाच्या मध्यावर जीपची मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि चिखल मागे उडू लागला.

सासऱ्यांनी स्वतः माझी टोपी काढली. "हं, आता ओढ. याच दिवसासाठी तर ठेवला होता!"

बाईंनी मला धरले. मित्रांनो, ज्या हाताची मी इतकी वाट पाहिली, तो हात माझ्यावर होता, आणि मी हललो नाही.

"बाबा, हा हलतच नाही."

"जोर लाव."

"तुटेल ना!"

"तुटेल कसा? कुणी हातसुद्धा लावलेला नाही त्याला!"

बाईंनी आणखी वेळ घालवला नाही. पिशवी खांद्याला लावली आणि चिखलातून पायी निघाल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. "गाय वाचली," त्या म्हणाल्या. "वासरू गेलं. थोडं आधी पोचायला हवं होतं."

सासऱ्यांनी टोपीची घडी करून ती खिशात घातली. ती त्यांनी मला पुन्हा घातली नाही.

गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन मला ठोकून पाहिले. "काढूनच टाकू का हा? भोक बुजवून देतो. दोन चाकांवर चालेल की आरामात."

माझा जीव टांगणीला लागला. आणि खरे सांगतो, त्याही क्षणी मनात पहिला विचार हाच आला की आता सगळी जागा थोरल्याला मिळणार.

"नको," बाई म्हणाल्या. "ती गाय पुन्हा विणार. तेव्हाही मी पायीच चढू का? सोडवा त्याला."

मिस्त्रींनी माझे सांधे उघडले, गंज घासला, नवे तेल भरले. महिन्यातून एकदा मला कसे फिरवायचे, तेही नीट समजावून सांगितले. पण दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना इतका उत्साह आला की ते एकटेच जीप घेऊन निघाले आणि घरासमोरच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यांनी मला मागे ओढले. कोपऱ्यावर वळताच टायर कुईकुई ओरडले, गाडी अडखळू लागली, आणि मी जागेवर घट्ट आवळलो गेलो. सासरे घामाघूम झाले.

बाई धावत आल्या. "बाबा, कोरड्या रस्त्यावर नाही! वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मऊ जमिनीवर ती थोडी घसरतात आणि जुळवून घेतात. इथे घसरायला जागा नाही, सगळा ताण आत साठतो. मिस्त्री हेच सांगत होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"सीट पुसत होतो," सासरे पुटपुटले.

बाईंनी चाके सरळ केली, गाडी हळूच थोडी मागे घेतली. ताण सुटला आणि मी अलगद सुटलो.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही वीटभट्टीमागच्या खडीच्या मोकळ्या जागेत जातो. आजूबाजूला माणसे किंवा जनावरे नाहीत, हे बाई आधी पाहतात. मग मला ओढतात आणि सावकाश, सरळ रेषेत थोडे पुढे, थोडे मागे जातात. कोपऱ्याकोपऱ्यात तेल पोचते. डांबरी रस्ता लागण्याआधी मला परत जागेवर आणतात. त्या दिवशी मी थोरल्याकडे तोऱ्यात पाहतो. मग उरलेला महिनाभर तो प्रत्येक वळणावर माझ्याकडे पाहतो, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखू लागते.

पुढच्या पावसात तोच फोन आला. तीच गाय. या वेळी चिखल सुरू होण्याआधीच, चढाच्या पायथ्याशी, बाईंनी मला मागे ओढले. मी एका हाताच्या ओढीने सहज आलो. पुढच्या चाकांनी चिखलात पकड घेतली आणि ती गाडी खेचू लागली. आम्ही गोठ्यापर्यंत पोचलो. काही वेळाने आतून गोठेवालीचा आवाज आला, "वासरू उठतंय बघा! पडलं, परत उठतंय!"

गोठेवाला बाहेर येऊन जीपभोवती फिरला. "काय चढली हो! इंजिन जबरदस्त आहे तुमचं."

"इंजिन?" सासरे जणू त्यांचाच अपमान झाल्यासारखे उसळले. "इंजिन मागच्या वेळीही हेच होतं!" त्यांनी दार उघडून माझ्याकडे बोट दाखवले. "हा. याने चढवली."

मी सुखाने फुलून गेलो असतो. पण बोट माझ्याकडे असताना त्यांचा दुसरा हात थोरल्याच्या डोक्यावर टेकलेला होता. मी पाहिले.

असो. माझा स्वभाव आता बदलेल असे मला वाटत नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे कुणीतरी असेल, कठीण वेळेसाठी राखून ठेवलेले. त्याला अधूनमधून बाहेर काढा. योग्य जागी, घाई न करता, कसे वापरायचे ते नीट विचारून. थोरल्याइतके लाड मी मागत नाही. फक्त महिना उलटला की तुमचे तुम्हीच आठवा, कारण मला हाक मारता येत नाही.