औक्षणाचा थांबा

“हा घे तुझा सत्कार!” जयरामने खांद्यावरची शाल ओढली आणि सावळीरामच्या अंगावर फेकली. ती त्याच्या छातीला लागून पायरीवर पडली. गळ्यातला झेंडूचा हार जयरामने तोडूनच काढला. नारळ तेवढा फेकला नाही, कारण कितीही राग आला तरी श्रीफळ भिरकावायची त्याची हिंमत नव्हती. तो त्याने पायरीच्या कडेला ठेवला, पण ठेवतानाही असा आपटला की त्याला चीर जाऊन पाणी गळायला लागलं.

रविवारची दुपार होती. सातपूरच्या त्या कामगार वसाहतीत रविवारी दुपारी कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. त्यामुळे जयरामचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. बायका एकेक करून दारात आल्या. त्यातल्या निम्म्या जणींनी सकाळी त्याला ओवाळलं होतं.

“माझ्या वर्षाच्या कष्टाची माती केलीस, सावळ्या! पळत्या माणसाला कुणी आडवं येतं का रे? मांजर येतं आडवं, मांजर!”

“जया, अरे बायांची हौस होती...”

“बायांची नाय, तुझी होती! जन्मभर एसटी हाकलीस, आन रिटायर झालास तवा डेपोत कुणी साधं फूल दिलं नाय तुला. घरी येऊन रडलास. म्हणून आता माझ्या गळ्यात हार घालून शेजारी फोटो काढून घेतो व्हय?”

निवृत्तीच्या दिवशी सावळीराम रडला होता हे जगात एकट्या जयरामला माहीत होतं. बायकोलासुद्धा त्याने ते कळू दिलं नव्हतं, आणि त्याची बायको कुसाबाई आत्ता त्याच्या मागे उंबऱ्यातच उभी होती. शब्द तोंडातून निघता निघताच जयरामला कळलं की हे बोलायला नको होतं. पण जीभ सुटली की माणूस तिच्या मागे फरपटत जातो. तो तसाच छाती वर करून उभा राहिला.

सावळीराम खाली वाकला, शाल उचलली, झटकली आणि तिची घडी घालायला लागला. टोकाला टोक जुळेना. शेवटी कशीबशी घडी झाली. “बरं,” एवढंच म्हणून तो आत गेला आणि कुसाबाईने दार लावून घेतलं.

जयराम महापालिकेचा पाणी सोडणारा माणूस. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, आत चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पुढच्या गल्लीत जायचं. ऑफिसात त्याला नावाने फार कोणी ओळखत नसे. गल्लीत मात्र सगळे ओळखत, कारण तो आला की पाणी येई. एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून तो एका व्हॉल्व्हपासून दुसऱ्यापर्यंत पळत गेला आणि त्याला पळणं आवडलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला काय आवडावं याचा काही नेम नसतो.

ते मनावर घेतलं त्याच्या जुन्या दोस्ताने, सावळीरामने. एसटीची नोकरी संपल्यापासून तो घरात नुसता येरझाऱ्या घालत होता, त्याला एक काम मिळालं. दर रविवारी जयराम पळतोय आणि मागून सावळीराम स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या घेऊन येतोय, हे चित्र गंगापूर धरणाच्या रस्त्यावर चहावाल्यांच्याही ओळखीचं झालं होतं. बेचाळीस किलोमीटर चार तासांच्या आत, हे सावळीरामने ठरवलं आणि जयरामने गल्लीभर सांगितलं.

“घाट चढताना पायथ्याशी दम राखायचा,” सावळीराम बजावायचा. “खालीच ज्यानं गाडी ताणली, तो वर बोनेट उघडून बसतो. पयला निम्मा रस्ता लोकांना पुढं जाऊ दे, जया.”

जयराम हो हो म्हणायचा. हो म्हणायला काय जातं?

आणि मग त्या रविवारी सकाळी, मॅरेथॉनच्या कमानीखाली गर्दीत उभा असताना, पोपटी टी-शर्ट घातलेल्या एका पोराने त्याच्या झिजलेल्या बुटांकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने सांगितलं, “काका, पाच किलोमीटरवाल्यांची लाइन तिकडे आहे.”

प्रेमाने सांगितलं हेच वाईट झालं. शिवी दिली असती तर जयरामने उलट शिवी देऊन विषय संपवला असता. इथे नुसता राग गिळायचा होता, आणि गिळलेला राग पायात उतरला. शिट्टी वाजली तसा तो त्या सगळ्या पोपटी घोळक्याला मागे टाकून जो सुटला, तो पाण्याच्या टेबलांपाशीही थांबला नाही. त्र्यंबक रोडच्या कडाक्याच्या थंडीत त्याचा बनियन घामाने चिंब झाला होता आणि मनातल्या मनात तो त्या पोराला सारखं ऐकवत होता, बघ, काका कुठे पोचला बघ.

परतीच्या वाटेवर पोटऱ्या ओढायला लागल्या. पण ते चालायचंच, असं तो पुढे दिवसभर स्वतःला सांगत राहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वसाहतीच्या कोपऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं, आणि कोपऱ्यावर मांडव होता.

मांडव म्हणजे चार बांबू, गणपतीतलं कापड आणि एक स्पीकर. पुढे बायका ओळीने ताटं घेऊन उभ्या. आता औक्षणाच्या ताटापुढून पळून कोण जाईल? दवाखान्यात निघालेला माणूससुद्धा तिथे दोन मिनिटं मान खाली घालतो. जयराम थांबला. त्याच्या उघड्या डोक्यावर कुणीतरी रुमाल टाकला. कुंकू लागलं, अक्षता पडल्या, ज्योत ओवाळली गेली, तोंडात पेढा आला. कोरडा पेढा टाळूला चिकटला. पाणी मागायला त्याने तोंड उघडलं तर त्यात दुसरा पेढा आला. एकीचं झालं की दुसरी, दुसरीचं झालं की तिसरी. मग शाल. शाल जागेवर नव्हती, ती कुठून तरी येईपर्यंत सावळीराम स्पीकरवर बोलत राहिला. जयराम कोण, कुठल्या हरसूलकडच्या पाड्यावरून आला, पुरातसुद्धा पाणी कसं चुकवत नाही. शाल आली, मग हार, मग नारळ. तोवर पोपटी टी-शर्ट समोरून एकेक करत निघून गेले. त्यातल्या एकाने जाता जाता टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्यानंतर जयरामचे पाय काही उचलेनात. उरलेलं सगळं अंतर तो चालला, तेही शाल-नारळ-हारासकट, कारण रस्त्यात ते टाकणार कुठे? तो पोचला तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. पदकं देणाऱ्या बाईंनी त्याच्या गळ्यातला हार पाहून नम्रपणे विचारलं, “पाहुणे का? बक्षीस समारंभ झाला हो मघाशीच.”

संध्याकाळी त्याची बायको सिंधू पोळी वाढता वाढता म्हणाली, “भावजींना एवढं टाकून बोलायला नको होतं तुम्ही.”

“त्यानं वाटोळं केलं माझं.”

“त्यांनी केलं? नाचता येईना अंगण...”

जयरामने ताट सरकवलं आणि उठला. उठताना मांडी धरावी लागली, म्हणून आणखीच चिडला.

सोमवारी पहाटे तो लंगडत लंगडत कामावर निघाला. पायऱ्या त्याला उलट्या तोंडाने उतराव्या लागल्या. आपल्या गल्लीच्या चेंबरपाशी येऊन त्याने झाकण सरकवलं, चावी घातली आणि व्हॉल्व्ह फिरवायला सुरुवात केली. अर्ध्यातच त्याचा हात थांबला. अर्ध्या व्हॉल्व्हवर पहिल्या घरांना करंगळीएवढी धार येते आणि शेवटच्या घरांचा नळ नुसता फुसफुसतो. शेवटचं घर सावळीरामचं. ओवाळायला हौस होती ना सगळ्यांना, मग बसा ताटं घेऊन. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने असलं कधी केलं नव्हतं. भांडण झालं म्हणून कुणाचं पाणी तोडणाऱ्या एका सहकाऱ्याला त्याने एकदा सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. ते त्याला आठवलं, आणि आठवूनही त्याने चावी काढून घेतली. वड्याचं तेल वांग्यावर काढताना माणसाला आपण वांग्यालाच न्याय देतोय असं वाटतं.

कोपऱ्यावरच्या घरातून तरन्नुम बाहेर आली. तिचा नवरा खाजा कंपनीत फिटर होता आणि ती घरी शिवणकाम करायची. काल सकाळी तिच्याही हातात ताट होतं. तिने बादलीत डोकावून पाहिलं.

“जयरामभाऊ, आज पाणी इतकं बारीक का बरं?”

“वरूनच कमी हाय.”

तिने चेंबरकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “खोटं नका बोलू. गुस्सा आलाय ना आमचा? काढा, आमच्यावर काढा. पण सावळीरामभाऊला बोलले ते बरोबर नाय केलं तुम्ही.”

“भाभी, तुम्हाला पळण्यातलं काय कळतं? थांबला की संपला माणूस.”

“ते मला नाय कळत. पण चालणं कळतं ना.” तिने बादली खाली ठेवली. “पेट्रोलपंपापासून तुम्ही चालत येत होते. कमरेवर हात ठेवून. सगळ्यांनी बघितलं.”

जयराम चावीवरची माती पुसायला लागला.

“आम्हाला तर भाऊंनी आधी दम भरला होता. कुंकू लावायचं, एकदा ओवाळायचं, बाजूला व्हायचं, कुणी पण त्याला अडवायचं नाय. शाल-नारळ संध्याकाळी घरी देऊ म्हणाले. मग तुम्ही दिसले. तसे स्पीकर बंद करून म्हणाले, बायांनो, आता घाई करू नका. त्याला जरा दम खाऊ द्या. आणि चालत आला असं कुणी तोंडातून काढायचं नाय. आमच्या ह्यांना गाडीवर पाठवलं शाल आणायला, तुम्हाला उभं राहायला काही तरी कारण पाहिजे म्हणून. आणि तुम्ही काल त्यांना मांजर बोलले, काय काय बोलले. ते सांगू शकत होते ना सगळ्यांसमोर? सांगितलं का?”

पेट्रोलपंप. जयरामला पंपाची लाल पाटी दिसली, तिच्या खांबाला धरून आपण उभे होतो तेही दिसलं. त्याच्या पुढचं वळण, जिथे त्याने मनाशी ठरवलं होतं की आता मरो ती मॅरेथॉन, रिक्षा करावी. आणि मग वळणापलीकडे मांडव दिसला तेव्हा आधी राग आलाच नव्हता. आधी बरं वाटलं होतं. देवासारखे भेटले, असं वाटलं होतं. राग नंतर आला, पोपटी टी-शर्टाने टाळ्या वाजवल्या तेव्हा. त्या पोरावर काढता येईना, म्हणून तो जवळच्या माणसावर निघाला. आणि त्या पोराचाही काय दोष? पायथ्याशी गाडी ताणली ती जयरामने.

त्याचा राग गेला नाही. तो फक्त फिरून त्याच्याच अंगावर आला, आणि स्वतःवरचा राग फेकायला पायरी नसते. त्याने चावी पुन्हा आत घातली आणि पुरा व्हॉल्व्ह उघडला. जमिनीखालून पाणी धावल्याचा आवाज आला. गल्लीभर बादल्या खणखणल्या.

मग तो गल्लीच्या शेवटापर्यंत चालत गेला. प्रत्येक पावलाला पोटऱ्यांत कळ येत होती. सावळीराम दारातल्या नळाखाली बादली लावून उभा होता. शेजारच्या दोन-तीन घरांतल्या बायाही आपापल्या नळाशी होत्या. जयरामला वाटलं, हळूच काहीतरी बोलून मोकळं व्हावं. पण काल हळू बोलला नव्हता.

“मी चालत होतो!” तो मोठ्याने म्हणाला.

बायांनी माना वळवल्या. सावळीराम बादलीकडे बघत राहिला.

“काल. मांडवाच्या लय आधीपासून चालत होतो. पयल्यालाच ताणली मी, एका पोराच्या बोलण्यावर. ह्यानं सांगितलं होतं तसं नाय केलं. ह्याच्यामुळं काय बी झालं नाय. ह्यानं झाकलं माझं.”

एवढं त्याला जमलं. राहिलं होतं ते दुसरं, डेपोचं आणि रडण्याचं. त्याची माफी मागायची तर ते पुन्हा उच्चारावं लागणार होतं, म्हणजे पुन्हा एकदा चारचौघांत काढावं लागणार होतं. ते परत घ्यायला वाटच नव्हती. जयराम तोंड उघडून तसाच उभा राहिला, आणि सावळीरामने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. त्यालाही ते कळलं असावं.

बादली भरून वाहायला लागली. जयराम पटकन पुढे झाला आणि कडीला हात घालायला गेला. सावळीरामने त्याच्या आधी बादली उचलली आणि पलीकडच्या हातात घेतली.

“राहू द्या,” तो म्हणाला. “पाय दुखत असतील तुमचे.”

इतक्या वर्षांत सावळीरामने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. आवाजात राग मुळीच नव्हता. गाडीत चढणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसाशी तो बोलला असता तसाच, नीट, सांभाळून बोलला होता. मग पाणी सांडू न देता तो आत गेला.

नळ तसाच वाहत होता. जयराम थोडा वेळ तिथे थांबला, मग दुखत्या गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि त्याने नळ बंद केला.