काकूंची फुंकर

नळीत फुंकण्याआधी घड्याळजींनी तळहात दोनदा पँटला पुसले. सिगारेट सोडवणाऱ्या एका नव्या औषधाची या दवाखान्यात चाचणी चालू होती. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसतीच, औषध नसलेली. कोणाला कुठली, ते सिस्टरलाही ठाऊक नसे. गोळी कुठली का असेना, घड्याळजींनी महिनाभर सिगारेटला हात लावला नव्हता. पण खरं-खोटं ठरवायचं ते टेबलावरच्या छोट्या यंत्रानं. धुरातला विषारी वायू श्वासात किती उरलाय, ते त्यात दिसे.

आज त्यांना धास्ती होती ती नातीमुळे, ठमीमुळे. त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली होती आणि तिनं बजावलं होतं, यंत्रात हिरवा दिवा लागल्याशिवाय ठमी तुमच्या हातात द्यायची नाही. घड्याळजी नातीला दारातूनच बघत.

त्यांनी फुंकलं. आकडा चढत गेला आणि लाल दिवा लागला. मागच्या खेपेसारखाच.

सिस्टर रागावली नाही. एखादी ओढली असेल तर सांगा काका, त्यासाठी चाचणीतून नाव कापत नाहीत, एवढंच म्हणाली. घड्याळजी शपथा घेऊ लागले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“दिवसभर दुकानात एकटे असतात, सिस्टर. तिथे कोण बघायला जातंय?”

“अगं, नाही ओढली.”

“मग यंत्र खोटं बोलतंय? द्या हो इकडे. चांगल्या माणसाचा आकडा कसा असतो, तो दाखवते यांना.”

सिस्टरनं हसत नवी नळी लावली. काकूंनी गाल फुगवून फुंकलं. लाल दिवा. आकडा नवऱ्यापेक्षाही मोठा.

“कधीपासून ओढतेस गं?” घड्याळजी म्हणाले. पण सिस्टर हसत नव्हती. तिनं स्वतः फुंकून पाहिलं. हिरवा.

“काकू, घरात आत्ता कोण आहे?”

लेक आणि ठमी. थंडी म्हणून त्यांच्या खोलीत गॅसवर चालणारा हीटर होता. काकू तिथेच झोपत. खिडक्यांच्या फटी घड्याळजींनी पट्ट्या चिकटवून बुजवल्या होत्या, अगदी मन लावून. नातीसाठी तेवढंच करता येत होतं. बंद खोलीत जळणारा गॅसही हाच वायू सोडतो, असं सिस्टर सांगत होती, तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, “पोरीचं डोकं आठवडाभर ठणकतंय. आम्ही म्हटलं, जागरणानं.” आणि ठमी रडतच नाही, किती शहाणी आहे, असं सगळेच म्हणत होते.

घड्याळजींनी घरी फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लेकीचा जड आवाज आला.

“ठमीला उचल आणि बाहेर हो,” घड्याळजी म्हणाले.

“बाबा, एवढ्या थंडीत?”

“शाल नंतर. आधी बाहेर हो.”

फोनमध्ये कडी वाजली. मग जिन्यावरची पावलं, अडखळणारी. मग काहीच नाही. सिस्टर दुसऱ्या फोनवरून पत्ता सांगून रुग्णवाहिका बोलावत होती.

ते पोचले तेव्हा रुग्णवाहिका दारात उभी होती. लेक पायरीवर बसली होती, तोंडावर प्राणवायूचा मास्क. ठमीला नुकतंच तपासलं होतं; दोघींना दवाखान्यात न्यायचं होतं. लेकीनं बाळ पुढे केलं. घड्याळजींचे हात पाठीमागेच राहिले.

“माझा दिवा अजून लालच आहे गं.”

तिनं मास्क बाजूला केला. “घ्या ना, बाबा.”

ठमी टाहो फोडून रडत होती. त्यांनी तिला छातीशी धरलं आणि गप्प केलं नाही.