वाचलेल्या बाईची गोष्ट

धंदा वाढवायला शिकवणाऱ्या कंपालातल्या त्या प्रशिक्षणात नामुक्वायाला पहिल्याच आठवड्यात कळलं, की नुसतं काम चांगलं असून भागत नाही. अडलेल्या गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला ती फोनवरून बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, दारात पाठवायची. आणखी जिल्ह्यांत जायचं तर गुंतवणूकदार हवा, आणि ते यायचे शेवटच्या दिवशीच.

"हे तुला सुचलं कसं?" बोलण्याची तालीम घेणाऱ्या ब्यारुहांगा सरांनी विचारलं.

"धाकट्या भावाच्या वेळी आईला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं होतं. तो वाटेतच झाला, केळीच्या बागेत."

"आणि आई?"

"ठणठणीत आहे. मसाका गावात इंग्रजी शाळेत स्वयंपाक करते."

सरांचा चेहराच पडला. "अगं, ती वाचली, तर तुझ्या गाड्या हव्यात कुणाला?"

सर काय, बोलून मोकळे झाले. पण पुढचं खोटं रचलं तिनंच. तालमीत ते ती इतक्यांदा बोलली, की हळूहळू तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. आईला तिनं फोनवर सांगून टाकलं, "हॉल लहान आहे गं, तू नको येऊस."

ऐकेल ती आई कसली! शेवटच्या दिवशी नामुक्वाया मंचावर चढली, तर मागच्या रांगेत ठेवणीतला पिवळा पायघोळ झगा, गोमेसी, घालून आई बसलेली. मांडीवर केळीच्या पानात बांधलेलं मटोकेचं, म्हणजे शिजवलेल्या कच्च्या केळ्यांचं, गाठोडं. इंग्रजी शाळेत जन्म काढलेल्या बाईला इंग्रजी कळणार नाही, ही आशाही नव्हती.

अजूनही वाक्य बदलता आलं असतं. जीभ अडखळलीसुद्धा. पण पहिल्या रांगेतली गुंतवणूकदार बाई पुढे वाकून ऐकत होती.

"माझी आई वाचली नाही," नामुक्वाया म्हणाली.

सभागृह हळहळलं. आईनं मांडीवरचं गाठोडं उचलून खुर्चीखाली ठेवलं.

टाळ्या थांबल्यावर डोळे पुसत ती गुंतवणूकदार बाई जवळ आली आणि पैसे घालायला तयार झाली. एवढ्यात तिचं लक्ष मागे उभ्या राहिलेल्या आईकडे गेलं. नाकडोळे अगदी तेच. "तुम्ही हिच्या कोण?"



"मावशी," आई म्हणाली. "बहीण गेल्यापासून मीच सांभाळलं हिला."

दोघी बाहेर आल्या. नामुक्वायाला स्वतःची शिसारी आली होती. जित्याजागत्या आईला तिनं चारचौघांत मारलं होतं, आणि ते निस्तरायलाही आईच लागली. नव्या सुटाची पर्वा न करता तिनं लाल मातीत गुडघे टेकले.

"आई, चुकले गं मी."

आईनं तिला उठवलं नाही. मागे वळून तिनं सभागृहाच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आणि मावशी म्हण. ती बाई अजून दारात उभी आहे."