बगदादचा संशय

गावात रक्ततपासणीचा सरकारी तंबू लागला आणि माझ्या नवऱ्याच्या, मेतवल्लींच्या, रक्तात हेपॅटायटिस सी निघाला. मला लगेच उलगडा झाला. तरुणपणी हे गृहस्थ कामासाठी बगदादला होते.

"कोण होती ती?" मी विचारलं.

"अगं, विटा वाहत होतो मी तिथं!"

"विटांनी रक्त नासतं होय?"

त्या दिवसापासून मी त्यांचा चहाचा ग्लास वेगळा केला. भाकरीसुद्धा त्यांच्यापुढं आदळायची.

मग तंबूतल्या नर्सनं, इन्शिराहनं, माझंही रक्त तपासलं. तेच निघालं.

"बघा! ह्यांनीच आणलं घरात!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

बाकावर बसलेले मशिदीचे शेख खाकरले. "रिदाच्या आई, मलाही आहे. आणि मी बगदाद पाहिलेलं नाही."

"मावशी, गावातल्या तुमच्या वयाच्या निम्म्या लोकांना आहे," इन्शिराह म्हणाली. "लहानपणी कालव्यातल्या किड्यांच्या आजारावर शाळेत इंजेक्शनं घेतलीत ना? तेव्हा एकच सुई सगळ्या रांगेला टोचायचे. एकाचं रक्त त्याच्या मागं उभ्या असलेल्याच्या अंगात जायचं."

त्या रांगेमुळंच तर आमचं लग्न जमलं. माझी लाल रिबिनीची वेणी आपण पहिल्यांदा तिथंच पाहिली, असं मेतवल्ली आजही नातवंडांना कौतुकानं सांगतात.

तंबूत ते माझ्याकडे बघत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

"वेणी दिसत होती, म्हणजे मी तुझ्या मागेच उभा होतो. नाही का गं?"