पहिला आला तो कीबोर्ड

आमच्या वाचनालयातलं जुनं युनिक्सचं मशीन त्या सोमवारी चालू झालं, पण आत काही घेईना. पडद्यावर 'लॉगिन' असं लिहिलेलं, पुढे एक चौकट लुकलुकतेय, आणि मी कीबोर्डवर काहीही बडवलं तरी एक अक्षर उमटत नाही.

"बारा वाजता भंगारवाला येतोय, मोडक्या खुर्च्या न्यायला," नवे साहेब म्हणाले. "तोवर हे सुरू झालं तर ठेवू. नाहीतर खुर्च्यांबरोबर हेही जाईल."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुस्तकांच्या देवघेवीचा त्या मशीनवरचा प्रोग्रॅम माझ्या सासऱ्यांनी एकट्याने लिहिलेला. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, सध्या पाय प्लास्टरमध्ये आहे, तरी रोज मला फोन करून "कशी आहे तब्येत?" असं विचारतात. ते माझ्याबद्दल नसतं. मशीन भंगारात गेलं तर ह्या माणसाने सकाळी उठायचं कशासाठी, हे मलाच सुचेना. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"कीबोर्ड बदलून पाहिलास?"

"तीन बदलले, बाबा. वायर दुसऱ्या भोकात घालून पाहिली. आणि गंमत म्हणजे, मशीन चालू होताना जी यादी येते ना, तिथे बाण वरखाली होतात. लॉगिनपाशी आलं की सगळं ठप्प."

"म्हणजे अंगणात ओळख दाखवतं आणि उंबऱ्यावर विचारतं, आपण कोण?" बाबांनी लगेच पुढचं विचारलं. "मागच्या वायरी कुणी काढल्या होत्या?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तोंडातून खोटं जाऊ द्यायचं नाही एवढा एक नेम मी सांभाळते, आणि तो नेमका अशाच वेळी जड होतो.

"मीच. शनिवारी तुम्ही लिहून दिलंय तसं मशीन नीट बंद केलं, सगळ्या वायरी काढल्या, मागची धूळ पुसली. लावताना मात्र हाताला येतील तशा लावल्या."

"पुसलंस?" बाबांचा आवाज चढला. "वीस वर्षं त्या धुळीने मशीन धरून ठेवलं होतं!"

"सुनेवर ओरडू नका," मागून सासूबाई म्हणाल्या. "तुमची खोली पुसायला घेतली तरी असंच करता."

"बंद करून पुन्हा चालू करू का?" साहेबांनी बटणाकडे बोट नेलं.

"खबरदार! असं अर्धवट बंद केलंत तर डिस्क तपासण्यात दुपार जाईल त्याची!"

साहेबांनी बोट खिशात घातलं.

तेवढ्यात आमच्या एक जुन्या वाचक, चष्मेवाल्या काकू, पुस्तक परत करायला टेबलापाशी आल्या. मी पुस्तक हातात घेतलं आणि सवयीने त्याच्या पाठीवरच्या बारकोडच्या पट्टीवर स्कॅनर धरला. स्कॅनर 'टुक' असा वाजला आणि पडद्यावर लॉगिनच्या पुढे पुस्तकाचा नंबर उमटला. खाली मशीनने विचारलं, 'पासवर्ड?'

"बाबा! मशीनने पुस्तकाला पासवर्ड विचारला!"

"काय?"

मी सांगितलं. पलीकडे आधी खोखो हसणं, मग "पाय, पाय!" असं कण्हणं.

"अगं, स्कॅनर म्हणजे मशीनच्या लेखी कीबोर्डच. नंबर टाइप करतो आणि एंटर दाबतो. ह्या जुन्या मशीनला लॉगिनपाशी एकच कीबोर्ड कळतो, चालू होताना पहिला दिसला तो. तू स्कॅनर पहिल्या भोकात घातलास, तो गादीवर बसला. खरा कीबोर्ड बाहेर ताटकळतोय."

"मग उपटू स्कॅनर?" साहेब उत्साहाने पुढे झाले.

"हात लावू नका! आता आपलं मशीन फक्त त्याचंच ऐकतंय. पट्ट्या छापा. नावाची एक, पासवर्डची एक."

शेजारच्या कॉम्प्युटरवर आम्ही पुस्तकांच्या पट्ट्या छापतो. तोवर पुस्तकाच्या पासवर्डची वाट पाहून मशीन पुन्हा लॉगिनवर आलं होतं. मी बाबांच्या लॉगिनच्या नावाची पट्टी छापली, स्कॅनरखाली धरली. पडद्यावर नाव भलतंच उमटलं. बघते तर आमच्या पट्ट्यांवर आपोआप छापली जाणारी वाचनालयाची आद्याक्षरं नावाला चिकटली होती. ती काढली. मशीन परत लॉगिनवर आल्यावर नाव बरोबर उमटलं. पुढे पासवर्ड.

"बाबा, पासवर्ड सांगा."

बाबा नुसते खाकरले.

"बाबा?"

"अगं, जरा पाणी आणतेस का?" बाबा सासूबाईंना म्हणाले.

"तांब्या तुमच्या उशाशी भरलेला आहे."

"गार आण."

"जाते. वीस वर्षं बायकोला सांगितला नाही, आता सुनेला सांगा."

साहेबांनी न सांगताच भिंतीकडे तोंड केलं. चष्मेवाल्या काकूंनीही केलं. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. बाबांनी पुटपुटलेला शब्द मी इथे लिहीत नाही, तसं कबूल केलंय. एवढंच सांगते, की सासूबाईंनी तो ऐकला असता तर त्या लाजल्या असत्या.

पट्टी छापली, 'टुक' वाजलं. पासवर्ड पडद्यावर दिसत नाही, म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेत नुसती बघत राहिले. आणि मशीनने बाबांचं स्वागत केलं.

"आता शेवटची," मी स्पीकर पुन्हा लावताच बाबा म्हणाले. "खऱ्या कीबोर्डला गादीवर बसवायची आज्ञा. लिहून घे, आणि एकही टिंब चुकवू नकोस."

ती पट्टी वीतभर लांब निघाली आणि सारखी गुंडाळायची. स्कॅनरला वाचता येईना. बाराला सात मिनिटं होती.

"द्या इकडे," साहेब म्हणाले. त्यांनी टाय खांद्यावर टाकला, मशीनसमोर गुडघे टेकले आणि पट्टी दोन्ही हातांनी ताणून छातीसमोर धरली. "हं, मारा!"

"मागे सरका, साहेब. अजून. श्वास घेऊ नका, हलतेय."

साहेबांनी श्वास धरला. 'टुक.' मी कीबोर्डवर एक अक्षर दाबलं. ते उमटलं! भराभर प्रोग्रॅम उघडला आणि काकूंचं पुस्तक जमा झालं.

"मिळालं का हो माझं?" भिंतीकडे तोंड करूनच काकूंनी विचारलं.

दारात भंगारवाला उभा होता. "खुर्च्या कळल्या. आणि तो डबा?"

"डबा कुणाला म्हणता?" साहेब गुडघ्यांवरूनच गरजले. "खुर्च्या न्या."

मग त्यांनी माझ्याकडून फोन घेतला. "काका, ती गादीची आज्ञा नक्की काय करते, मला समजून घ्यायचंय. सगळा प्रोग्रॅमच शिकायचाय. रोज तासभर वेळ द्याल? नवाला येऊ का घरी?"

"नवाला?" बाबा म्हणाले. "आठला या. आणि येताना वही आणा, मला परत परत सांगायला आवडत नाही."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "आवडत नाही म्हणे!"